फोटोत हवी, अभ्यासात नको

कोयता घेऊन या, असा निरोप आला होता.

बारावीला मी केंद्रात पहिली आले होते. साहेबांच्या हस्ते सत्कार होता, शिष्यवृत्ती मिळणार होती. साहेब म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याचा माणूस मोटारसायकलवर दारात येऊन हे सगळं सांगून गेला आणि जाता जाता मायला म्हणाला, "मावशी, येताना कोयता आणा."

"कोयता कावून?" माय म्हणाली.

"आणा म्हणलं की आणायचा." किक मारली आणि गेला.

मायला वाटलं, कार्यक्रमाच्या मैदानावरच्या बाभळी तोडायच्या असतील. दुष्काळाचं साल होतं. जनावरं छावणीत होती, माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. अशा दिवसांत कुणी काम सांगितलं तर नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं कोयत्याला धार लावली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तो गुंडाळला. मी नवा शिवलेला ड्रेस घातला, तिनं कोयता काखेत मारला आणि आम्ही दोघी नांदूरघाटच्या रस्त्याला जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माझ्या सत्काराला निघालो.

धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं होतं. आमच्या गावात एका टँकरवरून बायकांची डोकी फुटत होती, आणि इथं तेच पाणी साहेबांच्या पायाखाली जिरत होतं. मायनं चप्पल काढून ओल्या मातीवर पाय टेकवला. कुणी बघत नाही ना, हे पाहिलं आणि पुन्हा चप्पल घातली.

मला नावानं वर बोलावलं. मायला नाव नव्हतं. माईकवरचा माणूस म्हणाला, "आता त्या माउलीनं कोयत्यासह मंचावर यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसले असते तर परवडलं असतं. साहेबांनी मायच्या हातातला कोयता घेऊन उंच धरला, माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक दिलं आणि कोयता जाऊन पुस्तक आलं ते सहकारामुळं, असं भाषण केलं. फोटोवाला मायला सूचना देत होता. पदर डोक्यावर घ्या. जरा वाका. हसू नका, बाई, हसू नका.

माय हसत नव्हतीच. तिचं तोंडच तसं आहे. ऊन लागलं की दात दिसतात.

कार्यक्रम संपला. ज्यानं ते पुस्तक मंचावर आणून दिलं होतं त्यानंच माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. पुढच्या गावच्या पोरीला द्यायचं होतं, एकच प्रत होती. कोयता मात्र मंचावरच्या टेबलावर राहिला. मांडवामागं जेवणं चालली होती. माय तिथं जाऊन उभी राहिली. तेवढा कोयता द्या म्हणाली. जेवणारे म्हणाले, आता कशाला लागतो मावशी, पोरगी शिकली की. आणि आता मात्र हसले.

"दिवाळीनंतर फडात काय दातानं तोडू?" माय म्हणाली.

एकानं हात न धुता कोयता आणून तिच्या पुढ्यात टाकला. दिला नाही, टाकला. मायनं वाकून उचलला. फोटोसाठी वाकली त्याहून खाली वाकावं लागलं.

तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर कितीतरी महिने होता. पुढं रंग उडाला, साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मायचा निळा झाला. शिष्यवृत्ती एकदाच मिळाली. पुढच्या वर्षी निवडणूक झालेली होती, मग कुणाला आठवण राहणार.

तरी शिकले. माय-बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साहेबांच्याच कारखान्याच्या फडात असायचे, मी वसतिगृहात. बी.फार्म. झालं, एम.फार्म. झालं. औषधांचे दुष्परिणाम तपासून नोंदवायची नोकरी लागली. दिवसभर स्क्रीनसमोर. कुणाला अंगावर चट्टे, कुणाला चक्कर. माणूस कधी दिसायचं नाही. मला माणसांशी बोलायचं होतं. म्हणून यंदा मेडिकल सायन्स लायझनच्या जागेसाठी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

हे पद काय असतं, हे बीडमध्ये कुणाला सांगायचं म्हणजे डोकेफोड. बॅग घेऊन डॉक्टरच्या दाराबाहेर ताटकळतो तो एमआर, तो विकतो. हे वेगळं. कंपनीच्या वतीनं मोठ्या डॉक्टरांसमोर बसायचं आणि औषधामागच्या अभ्यासावर बोलायचं. काय सिद्ध झालंय, काय नाही, तेवढंच. विकायचं काही नाही. मायलाही सांगितलं.

"म्हंजी तू डॉक्टरला परश्न इचारणार? आन् त्यो आयकून घेणार?"

"त्याचाच तर पगार मिळतो, माय."

तिला ते खोटं वाटलं असावं. पण त्या दिवसापासून शेजारच्या बायकांना ती सांगायला लागली की आमची पोरगी डॉक्टरची झाडाझडती घेणार हाय.

ज्या कंपनीत जायचं होतं तिचं औषध हाडांचं होतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यावरचं. मुलाखतीत एक सादरीकरण करायचं होतं. मी रजा टाकून बीडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत बसून वाचून काढलं. इंग्रजीत मोठ्यानं बोलायची सवय केली. आणि वाचता वाचता एक गोष्ट टोचायला लागली. मला जे जे वाचायला मिळालं त्यात माझी माय कुठंच नव्हती. म्हणजे जिची पाळी वयानं गेली नाही, गर्भाची पिशवी काढल्यानं गेली, तीही भर तरुणपणी. जी त्यानंतरही वर्षानुवर्षं डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहत राहिली. आमच्याकडं गल्लोगल्ली अशा बाया आहेत. त्यांच्या हाडांना हे औषध कसं लागू पडतं? मला उत्तर सापडलं नाही. मग मी शेवटची स्लाईड केली. त्यावर हा प्रश्न लिहिला आणि खाली लिहिलं, माहीत नाही, शोधायला हवं.

ती स्लाईड सगळ्यात चांगली झाली होती. माझं मला कळत होतं.

साहेबांचा मुलगा, सगळे त्याला भैय्या म्हणतात, डॉक्टरकी करून एका औषध कंपनीत मोठ्या पदावर आहे. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथं करणार नाही. माझ्या मुलाखतीचं त्याला कुणीकडून तरी कळलं. फोन आला. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलचा प्रमुख माझा मित्र आहे, म्हणाला, मी दोन शब्द टाकतो, पण आधी तुझी तयारी बघू दे. बायकांच्या हाडांचाच विषय कसा काय, असं विचारलं, तेव्हा मी एका वाक्यात मायचं सांगितलं होतं. तेवढ्यावरून त्यानं काय शिजवलं असेल याची मला कल्पना नव्हती.

त्याच्या बीडच्या बंगल्यावर गेले. हॉलमध्ये मोठा टीव्ही, त्याला लॅपटॉप जोडला. त्याचा एक डॉक्टर मित्र आला होता, तो पॅनेल म्हणून सोफ्यावर बसला आणि मोबाईल बघत राहिला. मी बोलायला लागले. जीभ अडखळली नाही. भैय्या मान डोलावत होता, मध्येच वा म्हणाला. मलाही वाटलं, चाललंय आपलं.

शेवटची स्लाईड आली. सोफ्यावरचा डॉक्टर हसला आणि म्हणाला, 'माहीत नाही' सांगायला कंपनी पगार देते का? भैय्यानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. ही काढून टाकू, म्हणाला, इथं काहीतरी ह्युमन पाहिजे. मी तयार करूनच ठेवलंय.

टीव्हीवर माय आली.

चौकातला तोच फोटो. कारखान्याच्या जुन्या फोटोंतून त्यानं हुडकून काढला होता. वाकलेली माय, डोक्यावर पदर, वर धरलेला कोयता, शेजारी त्याचा बाप. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, माझी आई, माझी प्रेरणा.

"हा पहिल्यांदा दाखव," भैय्या म्हणाला. "मग सांग, आई ऊसतोड कामगार, तिशीच्या आत पिशवी काढली, हाडं गेली, म्हणून मी या क्षेत्रात आले. आणि आमच्या शिष्यवृत्तीवर शिकले, हे एका वाक्यात टाक. पॅनेल रडेल. नोकरी तुझी."

यात खोटं काही नव्हतं. हेच तर वाईट होतं. मायची पिशवी गेली हे खरं. हाडं गेली हे खरं. शिष्यवृत्ती मिळाली, तीही एकदा का होईना, खरी. आणि मला ती नोकरी हवी होती. जीव तोडून हवी होती. माय आता जिना चढताना भिंत धरते. बाप गेल्यापासून माझ्याशिवाय तिला कोण आहे? क्षणभर मी त्या फोटोकडं बघत विचार केला, काय बिघडतं? नाहीतरी चौकात लागलाच होता की.

पण माझी स्लाईड कुठं गेली? ती त्यानं पुसून टाकली होती. माय पडद्यावर होती आणि मायचा प्रश्न कचऱ्यात होता. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना माझी माय फोटोत हवी. अभ्यासात नको. तिचं दुखणं दाखवायला हवं, तपासायला नको. तेव्हा कोयता मागितला, आता पोट मागतायत.

मी म्हणाले, "चालेल. टाकू फोटो. मग पूर्णच टाकते. पोट दुखत असताना ती ज्या फडात तोडत होती तो फड कुठल्या कारखान्याचा, ते नावही खाली टाकू का?"

भैय्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मित्राकडं. मित्रानं पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला.

"तू फार पर्सनल घेतेस," भैय्या म्हणाला.

"माझ्या मायची पिशवी तुम्ही टीव्हीवर लावली, आणि पर्सनल मी घेते?"

माझा आवाज चढला नव्हता. मलाच नवल वाटलं. मी लॅपटॉप परत ओढला. फोटो काढला. माझी स्लाईड परत जागेवर आणली. भैय्या म्हणाला, मी तिथं सांगून ठेवलंय, तू अशी जाणार असशील तर माझं नाव घेऊ नकोस. मी म्हणाले, घेणार नाही. कामाची बाई चहा घेऊन येत होती. मी तो न घेताच बाहेर पडले आणि पायीच घरी आले.

नळाला पाणी आलं होतं. कितीतरी दिवसांनी आलं होतं, म्हणून माय एका हातानं कंबर धरून ड्रम भरत होती. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि भरता भरता सगळं सांगितलं. फोटोचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं, नोकरी हातची गेली असेल हेही सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जरा गप ऱ्हायाचं व्हतं. ती पायरीवर बसली.

"डॉक्टर म्हनला, काढा न्हाईतर क्यान्सर हुईल," माय म्हणाली. "मुकादम म्हनला, काढून टाक, पाळीचं खाडं तरी बंद हुतील. तुजा बाप म्हनला, काढ. मला कुणी इचारलं न्हाई. त्या भैय्यानंबी न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा ती हे बोलत होती. आणि मला लाज वाटली नाही, राग आला. स्वच्छ राग. ज्यानं डोकं तापत नाही, थंड होतं.

मी बादली खाली ठेवली. "मग मी विचारते. तुझा फोटो लावू का?"

"न्हाई."

"आणि तो प्रश्न? तुमच्यासारख्या बायांचं काय, हा. तो विचारू का?"

तिनं थोडा विचार केला. खरंच विचार केला, उगाच मान हलवली नाही.

"त्यो इचार. जोरात इचार."

संध्याकाळी भैय्याचा मेसेज आला, शांतपणे विचार कर, अशी संधी पुन्हा येत नाही. मी लिहिलं, स्लाईड तीच राहील.

सोमवारी मुलाखत आहे. भैय्यानं तिथं काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. घेतील किंवा हाकलतील. हाकललं तर दुसऱ्या कंपनीचं दार आहे, तिथंही हेच घेऊन जाईन. पण एवढं माझं ठरलंय. माझ्या घरातलं दुःख कुणाच्या टाळ्यांसाठी आता मंचावर चढणार नाही. ज्याला माझ्या मायबद्दल बोलायचं असेल त्यानं आधी तिला विचारावं, आणि ज्याला औषधाबद्दल बोलायचं असेल त्यानं माझ्या समोर बसून सांगावं की त्याच्या अभ्यासात आमच्या बाया कुठं आहेत. डॉक्टर असो, मॅनेजर असो, चेअरमनचा मुलगा असो.

उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नाही.