कौसाबाईची खपली

बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने गेलं की डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. तिथली कौसाबाई खालच्या गावातल्या शाळेत अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होती. नवरा मागेच गेला होता. घरात मुलगा, सून मीना आणि सात शेळ्या.

गेल्या माघात तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर लाल गाठी आल्या. आठवड्यात त्या बोराएवढ्या फुगल्या, मधोमध पांढऱ्या पडल्या आणि फुटून पाझरायला लागल्या. वास यायचा. तिचा तिलाच तो हात नकोसा झाला. डाव्या हाताने जेवायची आणि जेवताना उजवा पदराखाली ठेवायची.

अशा हाताने रांधू नये एवढं तिला कळत होतं. ती स्वतःच राजेश सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, रजा मागायला गेली. सरांनी दारातूनच हात दाखवायला सांगितलं. तिच्यासोबत रांधणारी भागीरथी मागे उभी होती. तिने मोबाईलवर बोटांचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर होता आणि खाली लिहिलं होतं, 'मंकीपॉक्स. हिच्या हातचं तुमची पोरं जेवतात.'

त्या दिवशीची खिचडी भागीरथीनेच शिजवली होती, तरी गावकऱ्यांनी ती गटारात ओतली. कौसाबाईचा पाट, तिचा प्लास्टिकचा तांब्या, कोपऱ्यातली चप्पल मैदानात नेऊन रॉकेल टाकून जाळली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. ज्या बायांची बाळंतपणं तिने निस्तरली होती, त्या नाकाला पदर लावून तिच्या समोरून गेल्या. एक जण थुंकली.

बदलापुरातल्या खासगी डॉक्टरने तिला पायरीवरच उभं केलं. पेनाच्या टोकाने बोट वर उचललं, मग तो पेन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मलम लिहून दिलं. घरी मीना ताट दाराबाहेर ठेवून मागे सरायची.

शेवटी मुलाने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे डॉ. शलाका नवीन आली होती. तिने एकावर एक दोन हातमोजे चढवले, खपलीचे तुकडे काढले आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. चार दिवसांनी अहवाल आला, मंकीपॉक्स नाही.

कौसाबाईने तो कागद शाळेत नेला. राजेश सरांनी तो हातात घेतला नाही.

"हे नाही, तर मग काय आहे?" ते म्हणाले. "दुसरं काहीतरी याहून घाण असेल."

शलाकाने प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा तिथला तंत्रज्ञ सुजित म्हणाला, "मॅडम, त्या टेस्टमध्ये आपण जे शोधतो तेवढंच सापडतं. खपली उरली आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घालतो. तिथे जे असेल ते दिसतं."

त्याने खपली पाण्यात घोटली. मसुरीच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळीवर तिचा थेंब ठेवला, त्यावर जड धातूचं रंगद्रव्य सोडलं, जाळी सुकवून यंत्रात सरकवली. साध्या सूक्ष्मदर्शकाला जे कधीच दिसत नाही ते तिथे पडद्यावर उमटलं. फोटो त्याच संध्याकाळी शलाकाच्या मोबाईलवर आला.

दुसऱ्या दिवशी तिने तो कौसाबाईला दाखवला. लांबट अंड्यासारखे दाणे होते आणि प्रत्येकावर आडवीतिडवी दोरी गुंडाळल्यासारख्या रेघा.

"मंकीपॉक्सच्या विषाणूवर अशा रेघा नसतात. हा शेळ्यामेंढ्यांचा आहे. घरी शेळ्या आहेत?"

"हायेत."

"करडांच्या तोंडाला काही झालं होतं?"

"मावा आलता दोघांना, तोंडाला फोड. दूध वढत नव्हती. मी बोटानं पाजलं." ती थांबली. "मावा माणसालाबी होतो?"

"होतो. तुमच्याकडून दुसऱ्या माणसाला सहसा जात नाही. खपली पडेपर्यंत हात झाकून ठेवा, आपोआप बरा होईल." मग शलाका हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी मलाही तुमचा हात धरवत नव्हता."

"तरी धरलात ना," कौसाबाई म्हणाली.

दीड महिन्यात बोटं साफ झाली, डागही राहिला नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी राजेश सर पाड्यावर आले. सोबत भागीरथी होती, हातात पेढ्यांचा पुडा.

"झालं गेलं सोडा, शाळेत परत या," सर म्हणाले. "एक फोटो काढू, हात बरा झालेला. ग्रुपवर टाकतो, म्हणजे लोकांचं समाधान होईल."

कौसाबाईने हात पदराखाली घेतला.

"माज्या रोगाची मला एवढी किळस नाय आली, सर," ती म्हणाली. "त्यो करडांचा व्हता, गेला. पोरांसाठी आलेबी असते. पण हिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायचे म्हटलं की किळस येती."

भागीरथीने पुडा ओट्यावर ठेवला आणि दोघं गेली. पेढ्यांना मुंग्या लागल्या, तेव्हा कौसाबाईने तो पुडा काठीने ढकलून खाली पाडला.

आता ती चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगींतल्या एका पोळीभाजी केंद्रात भाकऱ्या थापते. तिथे तिचं नाव झालंय. मीनाने तिच्या पाया पडून माफी मागितली. कौसाबाईने तिला जवळही घेतलं. पण मीनाने वाढलेलं ताट समोर आलं की आजही पहिला घास तिच्या घशाखाली लवकर उतरत नाही.