शेवटच्या दोन सेंटिमीटरांतले मासे

सदर व्यक्ती: रेखाकार, श्रेणी दोन, हंगामी. सेवाकाल एकोणीस वर्षे. हंगाम अद्याप संपलेला नाही. उंची शिडीवर चढल्यास पुरेशी. वर्तन समाधानकारक, कोणी चुकीची रेघ मारायला सांगेपर्यंत.

संग्रहालयात तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणतात. घरी नवरा तिला भाजी चिरू देत नाही. फोडी सारख्या होईपर्यंत भूक मरते, म्हणतो.

सहा महिने खपून तिने आठ फुटी फळ्यावर माशांचा वंशवृक्ष काढला. खाली मोजपट्टी: एक सेंटिमीटर म्हणजे पाच लाख वर्षं. एक फांदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, एकही फाटा नाही. शेजारची तशीच निवांत चालत येते आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरांत तिला तीस फाटे फुटतात. एक तळं, दहा लाख वर्षं, तीस जाती. सगळी गंमत त्या गर्दीतच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब आले. शास्त्राशी त्यांचा संबंध सहीपुरता.

"बाई, इथे फारच दाटी झालीय. मध्ये केवढी जागा मोकळी आहे! फाटे जरा मागे घ्या, सारख्या अंतरावर."

"मध्ये? सहा कोटी वर्षांपूर्वी तळंच नव्हतं, साहेब. मासे ठेवू कुठे, बादलीत?"

फळा टांगायला आलेला सुतार खोकल्याच्या आडून हसला. साहेब हसले नाहीत.

"वर्षं कोण मोजत बसतंय? दिसायला नीट हवं. नाहीतर फळा लागणार नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे मासे झपाट्याने वेगळे झाले, एवढंच तर सांगायचंय! तुम्ही त्यांना हजेरीच्या रांगेत उभं करताय. धडधडीत खोटं आहे हे."

"मग ती पट्टी काढून टाका. पट्टीच नसली तर खोटं कसलं?"

संताप याचा, की हे बरोबर होतं. मोजपट्टी नसली की फांदीची लांबी काहीच बोलत नाही. कोण कोणाचा भाऊ, कोण चुलत, एवढंच उरतं. एकोणीस वर्षांत साहेब प्रथमच शास्त्रशुद्ध बोलले, आणि तेही चुकून.

तिने पातं घेतलं आणि पट्टी खरवडली.

"बाई, लाकूड तरी ठेवा," सुतार म्हणाला.

"तू गप रे!"

मग तिने तीसही फाटे सारख्या अंतरावर काढले. मिलिमीटरचाही फरक नाही.

अहवालात नोंद झाली: 'प्रजातिनिर्मितीचा वेग दर्शविणारा फळा शास्त्रीय अचूकतेसह वेळेत पूर्ण.'

फळ्यावर काळ कुठेच नाही.