सर आमचं पाणी पिऊन गेले

"बाई, शिक्षण किती झालंय तुमचं?"

सरांनी माईकवरून विचारलं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढं खुर्च्यांवर डोंगर घेणाऱ्या कंपनीची माणसं, तहसील कचेरीतले साहेब आणि गावातले जमीन विकून बसलेले मोठे लोक. मागं सतरंजीवर आम्ही बाया. त्या सगळ्यांत मी एकटीच उभी होते. चारचौघांत उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ.

"चौथी," मी म्हटलं.

"मग खाली बसा. हे ज्ञानकोशात आहे. तुमच्या चौथीच्या पुस्तकात नाही."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं माझा दीर हसला. "बस की वैनी! भाकऱ्या कोन थापनार, सर व्हय?" पुन्हा हशा.

मी बसले.

मी विचारलं होतं ते एवढंच, "साहेब, झरा आटला म्हनता, पर तुमी सोता पानी पिलाय त्यातलं. माझ्या हातनं."

आमची वाडी चांदे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वाडीच्या वर झरा आहे. उन्हाळ्यात आम्ही त्याच्यावर शिळा ओढतो. गुरांनी घाण करू नये, उन्हानं पाणी खाऊ नये म्हणून. कडेनं माती लिंपतो. सकाळी बाया मिळून शिळा सरकवतात, पाणी भरतात, परत झाकतात. दिवस वर आला की शिळेला हात लावायचा नाही, अशी रीत. परक्या माणसाला तिथं नुसता कोरडा दगड दिसतो.

सर पुण्याच्या कॉलेजातले प्राध्यापक. आदल्या वैशाखात ते डोंगर बघायला आले. गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी. भर दुपार होती. घामानं डबडबले होते. म्हणाले, "बाई, घोटभर पाणी मिळेल का?"

घरातला हंडा उपडा होता. सासू म्हणाली, "दुपारच्याला शिळा उघडत न्हाईत, पोरी." मी म्हटलं, "आत्याबाई, मानूस तान्हेला हाय." आणि शिळा सरकवली. एकटीनं. तांब्या बुडवून वर काढला तसे सर गटागटा प्याले. आणखी मागितलं. तोंडावर मारून घेतलं. म्हणाले, "वा! फ्रिजपेक्षा गार." मी लाजून हसले. कुणी शिकलेला माणूस माझ्याशी इतकं नीट बोलला नव्हता.

मी शिळा झाकली, मग त्यांनी फोटो काढला.

तोच फोटो मांडवात पडद्यावर होता. खाली लिहिलेलं: कोरडा झरा. सर समजावत होते की झरा दोन पिढ्यांमागंच आटला, आता नुसती दंतकथा उरली. तेव्हा कंपनीनं डोंगराला कुंपण घातलं आणि वरची वाट बंद केली तरी कुणाचं काही जात नाही. कचेरीतले साहेब मान हलवत होते. त्यांच्या हातात त्या ज्ञानकोशाच्या पानाचा कागद होता.

वाट बंद म्हणजे आमचं पाणी बंद. मग टँकरवाल्याच्या दारात उभं राहायचं.

घरी आले. चूल पेटवली. रडले नाही. धुरानं आलं असेल ते डोळ्यांत पाणी.

आमच्या पुढच्या खोलीत लातूरकडची एक पोरगी भाड्यानं राहायची. माण गावाच्या पुढं कुठल्याशा आयटी कंपनीत कामाला. रविवारी ती उंबऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायची. मी तिला विचारलं, "ते ज्ञानकोश म्हंजे काय गं? सरकारचं आस्तंय का?"

"नाही हो काकू! इंटरनेटवर असतो. कुणीही लिहू शकतं त्यात. तुम्हीसुद्धा."

मला वाटलं, थट्टा करते. तिनं पान काढून दाखवलं. आमच्या डोंगराचं पान. झरा आटल्याचं वाक्य सरांनीच घातलेलं, आणि पुराव्याला खाली एका अहवालाचं नाव. अहवाल सरांचा. कंपनीसाठी केलेला. हे काही लपलेलं नव्हतं. मांडवातच गावच्या पुढाऱ्यानं सांगितलं होतं, सर कंपनीचे सल्लागार आहेत म्हणून. पानावर मात्र त्यांनी नुसतं प्राध्यापक लिहिलं होतं.

स्वतःच सांगायचं. साक्षीला स्वतःलाच उभं करायचं.

मी सांगितलं, पोरीनं टाइप केलं: झरा आटलेला नाही, वाडी रोज पाणी भरते. पानावर ते दिसलं तेव्हा मी त्याच्यावर बोट ठेवलं. माझं वाक्य!

दुसऱ्या रविवारी ते नव्हतं. सरांनी काढलं होतं. पोरगी वाचायला कचरत होती. मी म्हटलं, "वाच की. मांडवात ऐकलंय, हितं काय नवं?"

तिनं वाचलं. "संदर्भ नाही. हितसंबंध असलेल्या स्थानिक व्यक्तीचे लेखन."

"म्हंजे?"

"म्हणजे... तुमचा त्यात फायदा आहे, म्हणून तुमचं धरता येत नाही." ती खाली बघत म्हणाली, "काकू, नियम आहे तसा. ज्याचा संबंध आहे त्यानं लेखाला हात लावू नये. चर्चेच्या पानावर लिहावं, आणि आधी आपला संबंध उघड सांगावा."

मांडवातल्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. तिथं मी अडाणी ठरले होते. इथं लबाड.

मी उठून शेरडांना पाला टाकायला गेले. पाला टाकता टाकता डोक्यात लख्ख झालं. संबंध तर आहेच की! त्या पाण्यावर माझी पोरं वाढली. खाली माझं भाताचं खाचर आहे. हे मी बाजारात ओरडून सांगू शकते. सरांना त्यांचा संबंध त्या पानावर लिहिता येईल का? ते चुकले असते तर मी समजून घेतलं असतं. पण हा माणूस चुकला नव्हता. पाण्याची चव घेऊन गेला होता.

परत आले. म्हटलं, "लिव्ह. चर्चेच्या पानावर लिव्ह. माझं नाव टाक. आख्खं."

"काकू, नाव नाही दिलं तरी चालतं."

"त्यास्नी चालत आसंल. मला न्हाई चालत."

मग मी सांगितलं आणि तिनं लिहिलं. पहिल्यांदाच न अडखळता बोलले.

"मी वाडीवर राहते. माझं शिक्षण चौथी. या झऱ्यावर माझा हितसंबंध आहे. मी ते पाणी पिते. सर, तुम्हीही ते प्यालात. तुम्हाला कंपनी पैसे देते, हे इथं लिहा. मग झरा आटला म्हणा."

उत्तर आलेलं नाही. पान अजून तसंच आहे. दीर घरी येऊन धमकावून गेला, "वैनी, लई शानपना करू नगंस." मी त्याला चहा दिला. मान मात्र खाली घातली नाही.

आता पोरीकडून मी अक्षरं दाबायला शिकते आहे. एका बोटानं. ती कधी खोली सोडून गेली, तरी मला कुणाचं बोट उसनं मागायचं नाही. सरांनी पुसलं की मी परत लिहीन, त्याच चर्चेच्या पानावर, माझ्या नावानं.

आणि बायांना मी सांगितलंय, रीत मोडायची. दुपारी शिळा उघडी ठेवायची. सासूही हो म्हणाली. सगळ्यांनी बघावं पाणी. कंपनीनं बघावं, कचेरीनं बघावं, फोटो काढावा. तहानलेल्याला आम्ही आजही नाही म्हणणार नाही. पण इथून पुढं तांब्या हातात देण्याआधी मी विचारणार, नाव काय, आणि कुणाच्या पगारावर आलात.

सांगितलं, तर पाणी.