चार भोकांचं यंत्र

काडतुसं भरायचं यंत्र मी एकदा चकल्या करायला विकत घेतलं. घेतलं तेही नीट पारखून, दोनांतलं मोठं.

त्या वर्षी दुबईच्या करामातल्या आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळी फराळातल्या चकल्या मी अंगावर घेतल्या होत्या. तोवर त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू करत. त्यांच्या हातात आता जोर राहिला नाही, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांच्यादेखत मीटिंगमध्ये बोलून दाखवलं. वय बत्तीस, अक्कल त्या मानाने कमीच. "चाळीस घरांच्या चकल्या मी मशीनवर करीन," असंही वर जोडलं. कुठलं मशीन, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. आता माघार घ्यायची तर काकूंच्याच दारात जावं लागणार होतं.

मग जुमेराला एका गोऱ्याने देश सोडताना सामान विकायला काढलं, तिथे मी आणि नवरा गेलो. गॅरेजमध्ये टेबलाला घट्ट बसवलेली दोन लोखंडी यंत्रं होती. लांब दांडा ओढला की खालून दट्ट्या वर यायचा. लहान यंत्राला वर एक भोक, मोठ्याला फिरत्या चकतीवर चार. चकली, शेव, गाठी. चौथ्याचं पुढे बघू. गोरे लोक घरी मॅकरोनी करतात हे मी ऐकून होते. बाकीचं मनानेच जुळवलं.

"होम यूज?" मी विचारलं.

"ओन्ली होम यूज. स्मॉल वन इज इनफ, मॅडम."

"बिग फॅमिली," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "अगं, याच्या जाळ्या कुठायत?"

"करून घेता येतात. तू टोस्टर बघ."

घरी आणून ते तीनदा घासलं. काळं पाणी निघतच राहिलं. लेक वास घेऊन म्हणाली, "आई, इट स्मेल्स लाइक दिवाळी." मी खूश.

दिवाळीला चार दिवस उरले, तेव्हा जाळ्या करून घ्यायला आम्ही ते उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका लेथवाल्या पठाणाकडे नेलं.

"इसमें क्या डालेंगी?" त्याने विचारलं.

"आटा. चकली का."

त्याने दांडा एकदा ओढला, नाक जवळ नेलं आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "भाईसाब, ये कारतूस भरने का है. बारूद, सीसा. खाने की चीज़ को मत लगाना."

"खलास. चल," नवरा मला म्हणाला. परतताना जुमेराला जाऊन ते गोऱ्याच्या गॅरेजमध्ये परत ठेवलं. नवऱ्याने त्याला थँक यू म्हटलं, कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

तशीच वर गेले. काकू टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, पठाणासकट, आणि चकल्या कराल का म्हणून विचारलं. त्यांनी हातातली पाकळी आधी सोलून संपवली.

"करते की," त्या म्हणाल्या. "पण भाजणी माझ्या घरची आणि तळणं माझ्याच ओट्यावर. तू फक्त मोजून डबे भर. तुझ्या स्वयंपाकघरातलं काही नको बाई, कुणाच्या चकलीत छर्रे निघायचे."