गळका सांधा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. सकाळी तासभर पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेने. आई नळाखाली कळशी लावून बसून राहायची. गुडघे दुखायचे, पण पाणी जाईल या धास्तीने ती उठायची नाही.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेतून पाण्याचा मोठा पाइप गेला होता. त्याचा एक सांधा कित्येक वर्षं गळत होता. त्या गळतीचं खाली डबकं झालं होतं, चांगलं दोन खोल्यांएवढं. कडेने अळू आणि पाणकणीस माजलेलं. पाणकोंबड्यांची एक जोडी तिथे राहायची. खंड्या पाइपावर बसून बोटभर मासे टिपायचा. मी नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. बेडकांची अंडी दाखवायला मुलांना तिथेच न्यायची.

एका सकाळी दीडच कळशी भरली आणि आई रडली. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला: सांधा गळतो, पाणी वाया जातं, वरच्या मजल्यांना मिळत नाही. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या आणि पालिकेच्या पाणीखात्याच्या कचेरीत नेऊन दिला. डबक्याचं काय होईल, हे विज्ञानाच्या बाईंच्या मनातही आलं नाही.

मार्चमध्ये माणसं आली. दोन दिवसांत सांधा खडखडीत कोरडा. तिसऱ्या दिवशी नळ असा धो धो आला की आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, बघ तरी!"

आठवड्याने मी मागे गेले. चिखलाला भेगा पडल्या होत्या. घमेलंभर पाण्यात मासे एकावर एक वळवळत होते आणि बगळे, कावळे रांगेने उभे होते. पुढच्या सांध्यावर काम करणाऱ्या फिटरकडे मी धावले.

"थोडीशी धार राहू देता येईल का हो? तिथे जीव आहेत."

"बाई, अर्ज तुमचाच ना?" तो म्हणाला. "आता थेंब गळला तरी साहेब मला धरणार."

मग मी घरून बादल्या नेऊन ओतू लागले. शेजारच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "पिण्याचं पाणी मातीत ओततेस? झोपडपट्टीतल्या बायका एका हंड्यासाठी भांडतायत गं!" त्यांचं खरंच होतं. शिवाय बादली ओतली की माती ती बघता बघता गिळून टाकायची. चौथ्या दिवशी मी थांबले.

काही मासे शाळेत काचेच्या बरणीत ठेवले. शनिवारपर्यंत सगळे मेले. "बाई, पाणी होतं तरी कसे मेले?" एका मुलीने विचारलं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने असेल, म्हणाले. मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

पाणकोंबड्यांपैकी एक सुकलेल्या पाणकणसांत काही दिवस फिरत होती. मग तीही दिसेना. पावसाळ्यानंतर तिथे भराव पडला. तेव्हा मी पुन्हा कागद घेऊन बसले. 'सविनय' इथपर्यंत लिहिलं. पुढे काय मागायचं आणि कुणाकडे, ते सुचेना.