भाजी कोण खाणार?

नाशिक रोडच्या एका भंगारच्या दुकानात मी भाजीच्या वाफ्यासाठी निळा ड्रम शोधत होते. दुकानातल्या मावशींनी किमतीआधी विचारलं, "भाजी कोण खाणार?"

"लेक. बाळंतपणाला आलीय."

त्यांनी ड्रममध्ये डोकं घालून वास घेतला. "मग हा नाय. यात द्राक्षांवर फवारायचं औषध होतं."

"धुऊन घेईन की."

"धुतल्यानं वास जातो ताई, औषध नाय जात. विटांचा वाफा करा."

जुन्या विटा पदरानं पुसत त्यांनी रिक्षात रचल्या. मग करवत घेऊन तो ड्रम कापायलाच बसल्या.

"अहो, चांगला विकला गेला असता."

"उद्या दुकानात मी नाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कोण खाणार, हे कोण विचारंल?"