पिराजीच्या दातातली फट

पिराजी चौगुल्याच्या वरच्या दोन दातांत फट होती आणि ती लहानसहान नव्हती. "उसाचं चिपाड आडवं न करता आत जातंय," असं तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्यानं चेष्टा करायच्या आत आपणच करून मोकळं व्हावं, असा त्याचा बेत असे. लग्नाच्या फोटोत आपण तोंड मिटून असे बसलोय, की सासऱ्याला वाटलं जावई मुका हाय, हेही तोच सांगायचा. पण सांगून झाल्यावर हसताना त्याचा हात न चुकता तोंडावर जायचा.

त्या फटीचा एक उपयोग मात्र होता. तिला जीभ टेकवून पिराजी अशी शिट्टी घालायचा, की अख्ख्या कसबा बावड्याला कळायचं, पिराजीची धार काढायची वेळ झाली. त्याची चंद्री म्हैस रेडकू असल्यापासून त्या शिट्टीवर वाढलेली. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून म्हशी रस्त्यावर आणतात. मालक मोटरसायकलवर पुढं सुटतो आणि दावं न लावलेली म्हैस गर्दीतून त्याच्या मागं पळत येते. जिची येत नाही, त्या मालकाला वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. चंद्री एका शिट्टीत यायची.

गेल्या पाडव्याला पोरीनं, संयोगितानं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. तो गावभर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, "म्हस एक नंबर, मालकाचं गेट तेवढं उघडं राहिलंय." सगळ्यांत मोठ्यानं पिराजीच हसला. नंतर मात्र तो वर्षभर गोठ्यात बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. चंद्रीकडं त्याचं लक्षच जायचं नाही, नजर थेट गेटावर.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यानं शाहूपुरीतला दातांचा दवाखाना गाठला. आधी गेलो असतो तर चहानं रंग गेला असता, आपल्याला दात कोरा करकरीत पाहिजे, असा त्याचा हिशेब. डॉक्टरीणबाईंचं नाव तेजस्वी. त्यांनी दातांच्या रंगाचा मऊ लेप फटीत बसवला, निळा उजेड मारून तो कडक केला आणि घासून चकचकीत केला. भिंतीला लांबी भरतात तसंच की हे, असं पिराजीला वाटलं.

"काका, याला बॉण्डिंग म्हणतात. समोरच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, आणि दोन दिवस चहा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पिराजीनं आरसा हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडं बघून हसला. शिट्टीचं ना त्यांनी विचारलं, ना त्याला आठवलं. शेजाऱ्यांना दात दाखवत फिरण्यात संध्याकाळ गेली. धार बायकोनं, बायडाबाईनं काढली.

"आज चंद्रीनं पान्हा चोरला," ती म्हणाली.

"फटाक्यास्नी भ्याली असंल," पिराजी म्हणाला, तोही हसून.

पाडव्याला फेटा बांधून, फेट्याहून जास्त दात मिरवत तो मोटरसायकलवर बसला. दोन्ही बाजूंना गर्दी. समोर संयोगिता मोबाईल धरून. मागं सजलेली चंद्री. पिराजीनं गाडी रेटली, मान वळवून जीभ टेकवली आणि फुंकर मारली. फुस्स! पुन्हा मारली. पंक्चर झालेल्या ट्यूबचा आवाज आला. चंद्रीनं मान वर केली, कान टवकारले आणि गर्दीत इकडंतिकडं बघायला लागली. ती त्यालाच शोधत होती. त्याच्यावरून तिची नजर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पुढं गेली.

लोक हसत होते त्याचं काही नाही, त्यांना हसवायची त्याला सवय होती. पण चंद्रीनं आपल्याला ओळखू नये, हे त्याला सोसवेना. गाडी तिथंच सोडून तो गेला आणि तिला दाव्यानं ओढत, नवशिक्यासारखा, घरी घेऊन आला.

"व्हिडिओत दात झकास आल्यात," संयोगिता हळूच म्हणाली.

"व्हय, आन् म्हस उलटीकडं बघत्याय. आता ल्हिवा म्हणावं खाली काय ल्हिवायचं ते!" पिराजी म्हणाला, पण त्याला स्वतःला हसू आलं नाही.

भाऊबीज होईपर्यंत दवाखाना बंद. तोवर त्यानं शिट्टीसाठी तोंडात दोन बोटं घालून बघितलं, पोरांची पिपाणी वाजवून बघितली. चंद्री दूध चोरतच राहिली आणि गोठ्याच्या दाराकडं बघत राहिली. दवाखाना उघडला तेव्हा पायरीवर पिराजी आधीच बसलेला.

"मॅडम, गेट उघडा."

"काका, लोक फट बुजवायला येतात हो!"

"आमीबी त्यासाठीच आलतो की. आमच्यापरीस म्हशीला अक्कल जास्त हाय, एवढंच." मग आवाज उतरला. "ती मला शोधत्याय ओ."

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. त्यांनी लेप हळूहळू घासून काढला. खरे दात होते तसेच होते. खुर्चीतच पिराजीनं शिट्टी घालून बघितली, तशी बाहेर बसलेल्या बाईच्या हातातली पिशवी पडली.

घर जवळ आलं तशी त्यानं गल्लीच्या तोंडावरच गाडी बंद केली. थोडा वेळ नुसताच उभा राहिला, कारण आता नाही आली तर दोष द्यायला दातही उरला नव्हता. मग शिट्टी घातली. आतून चंद्री हंबरली. दाव्याला हिसडा बसला, बायडाबाई ओरडली, "आवं, खुट्टा उपटला की हिनं!" आणि दावं खुट्ट्यासकट फरफटत चंद्री गल्लीत आली.

पिराजी फटीसकट मोकळा हसला. हात सवयीनं तोंडाकडं निघाला, पण तोवर चंद्रीनं मान पुढं केली होती. हात तिच्या मानेवरच गेला.